ब्रिटाचा वाटा

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी नाक मुरडायला नको. मी झहूर, दाभोळचा, कुवेतमध्ये मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद काखेत मारून सरकारी खिडक्यांसमोर उभा राहणारा माणूस. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, व्हिसा, लायसन, बोटांचे ठसे, काय वाटेल ते सांगा. इतरांना महिना लागतो ते काम मी आठवड्यात करून आणतो. गर्व म्हणा हवं तर. आणि माझा एक नियम आहे: कुठल्याही गोष्टीचे दोन कागद हवेत. एकच कागद असलेला माणूस म्हणजे एकाच खिळ्याला टांगलेलं शिंकं.

हा नियम मी फुकटात शिकलो नाही. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या तेव्हा माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि मालक सौदीत. बसऱ्यावरून जॉर्डनपर्यंत गेलो, तिथल्या तंबूत एकवीस दिवस काढले, आणि मी कोण हे सांगायला माझ्यापाशी एक चिटोरं नव्हतं. तिथल्या शिपायाने विचारलं, तू हिंदी, म्हणजे भारतातला, कशावरून? मी त्याला सातचा पाढा म्हणून दाखवला. तो हसला, पण रांगेत पुढे काही सोडलं नाही. ब्याण्णव साली परत कुवेतला आलो तो कानाला खडा लावूनच. बहिणीच्या निकाहनाम्याच्यासुद्धा मी शिक्का मारलेल्या दोन प्रती करून घेतल्या. जलीब वस्तीतल्या आमच्या खोलीतले सहाजण माझी टिंगल करतात. करू देत.

आता गोष्ट. माझ्या नव्या कंपनीचे मालक अबू तलाल. सत्तरच्या दशकात ते जर्मनीत इंजिनीअरिंग शिकले आणि तिथे त्यांना शिकारीचा नाद लागला. ज्यांच्या घरी ते भाड्याने राहायचे ते फोग्ट नावाचे गृहस्थ जंगलखात्यात होते आणि शिकारी कुत्री पाळायचे. नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात, म्हणजे बावीस-तेवीस वर्षांनी, या फोग्टसाहेबांनी अबू तलालना विमानाने एक कुत्रीचं पिल्लू भेट पाठवलं. विमानतळावरून ते सोडवून आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पिंजऱ्यातून बाहेर पाहणारं ते ध्यान मला अजून आठवतं. करडा-तपकिरी रंग, अंगावर काथ्यासारखे राठ केस, आणि एवढ्याशा तोंडाला दाढी, मिश्या, भुवया सगळं. आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांची आठवण झाली. कानात आतल्या बाजूला हिरव्या शाईने नंबर गोंदलेला. नाव ब्रिटा. सोबत जर्मन क्लबचा कागद, त्यावर जात लिहिलेली: ड्राटहार. राठ केसांची, एवढाच त्याचा अर्थ.

कागद एकच. मी दोन दिवस चौकशी केली तेव्हा कळलं की याच कुत्र्यांना दुसऱ्या देशांत इंग्रजी नाव आहे, ‘जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर’, आणि तिथल्या क्लबांची नोंदणीची वही वेगळी असते. एका एजंटामार्फत मी ब्रिटाचं नाव परदेशातल्या अशाच एका वहीत घातलं. आईबापांची नावं असलेल्या त्या कागदाची प्रत आणि दोन फोटो, बस. अबू तलालनी इतर तीस कागदांबरोबर त्यावरही न वाचता सही केली. सर्टिफिकेट आलं, मी ते फाइलला लावलं आणि निर्धास्त झोपलो. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

पिल्लू ठेवलं अबू तलालच्या जहरा गावापुढच्या शेतावर. तिथे राखणीला शत्रुघ्न होता. लांज्याकडचा, चाळिशीचा, सुक्या बोंबलासारखा सडपातळ आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा. घरकामाच्या व्हिसावर आलेला. खजुरीला पाणी घालायचं आणि गेट उघडायचं हे त्याचं काम. शेतावर दुसरं कुणी कुत्रीजवळ जाईना, म्हणून ती त्याच्या गळ्यात पडली. गळ्यात पडली म्हणायचं ते आपलं. त्याने पिल्लू उचललं, त्याचे पंजे दाबून पाहिले, नाकाखाली हात धरला, आणि म्हणाला, “हिचं नाक चांगलं हाय.”

तेव्हा कळलं की हा गडी गावी डुकराच्या पारधीत वाढलेला. सरकारने शिकारीवर कधीची बंदी घातलीय, पण शेतात घुसणाऱ्या डुकराला ते कुणी वाचून दाखवलेलं नाही. शत्रुघ्नच्या बापाची कुत्री सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती म्हणे.

फोग्टसाहेबांची भेट मात्र नुसती भेट नव्हती, तिला अट होती. ब्रिटा दीड वर्षाची झाली की शरद ऋतूत तिला जर्मनीला नेऊन परीक्षेला बसवायचं. परीक्षेची तयारी कशी करावी याची इंग्रजी पुस्तिका सोबत होती. अबू तलालनी मला हुकूम सोडला: दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की शेतावर जायचं आणि शत्रुघ्नला पुस्तिका मराठीत सांगायची.

आता आली का पंचाईत! आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. अबू तलाल मालिकी, त्यांच्याकडे एवढं कडक नाही. ते माझ्याकडे बघून मनमुराद हसले. पहिल्या शुक्रवारी मी कंपनीच्या पिकअपमधून उतरलोच नाही. काच चार बोटं खाली करून आतूनच वाचायला लागलो. शत्रुघ्न बाहेर उकिडवा बसून ऐकत होता आणि ब्रिटा त्याच्या पायाशी बसून माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होती.

पण हळूहळू मी उतरलो. ते बघण्यासारखंच होतं, काय करणार.

त्या कुत्रीकडून काय काय अपेक्षा होती ते ऐका. झुडपात पक्षी दडला असेल तर त्याच्यावर झेप न घेता एक पाय उचलून जागच्या जागी थिजायचं, म्हणजे शिकाऱ्याला कळावं. मेलेल्या सशाला दोरी बांधून कुणी तीनशे पावलं फरफटत नेलं असेल, तर नुसत्या वासावर तो माग काढून ससा आणायचा. पाण्यात पडलेलं बदक पोहत जाऊन आणायचं. आणून समोर बसायचं, आणि मालक सांगेपर्यंत तोंडातलं सोडायचं नाही. मी हे सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, “अरे, एवढं तर आमच्या कंपनीतला मॅनेजर करत नाही.”

शत्रुघ्न म्हणाला, “करील ती. घाई नाय करायची.”

आणि तिने केलं. शेताच्या कुंपणाबाहेर तिला सोडता यायचं नाही, कारण युद्धातले सुरुंग वाळूत कुठे राहिले असतील याचा भरवसा नव्हता. म्हणून आतल्याच चाळीस एकरांत, खजुरीच्या ओळींमधून आणि बरसीम गवताच्या वाफ्यांतून, शत्रुघ्न पहाटे उठून माग घालून ठेवायचा. रोज वेगळ्या दिशेने. पाण्यासाठी शेताची मोठी टाकी होती. भर फेब्रुवारीच्या थंडीत तो स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरला, कारण ब्रिटा काठावरून आत यायला कचरत होती. तिसऱ्या दिवशी तिने उडी घेतली. सगळे हुकूम मराठीत: बस, थांब, शोध, आण, दे. त्या जर्मन कुत्रीला लांज्याचं मराठी येत होतं, आणि माझ्या मुंब्र्याच्या भाच्यांना येत नाही.

हात त्याने एकदाही उगारला नाही. मी विचारलं तर म्हणाला, “मारलेला कुत्रा खोटं बोलाय लागतो, झहूरभाय. माग नसला तरी हाय म्हनून धावतो, मार चुकवाया. मंग पारधीत मानूस मरतो.”

पुस्तिकेत प्रत्येक विषयाला बारापैकी गुण द्यायची पद्धत होती. आम्ही एक वही घातली. शत्रुघ्न गुण सांगायचा, मी लिहायचो. एका शुक्रवारी ब्रिटा माग सोडून भलतीकडे गेली आणि सापडलेलं कबूतर अर्धं खाऊन आली.

“शून्य लिवा,” शत्रुघ्न म्हणाला.

“अरे, रोज चांगली करते. एक दिवस घसरली. सहा लिहितो. आपलीच वही आहे, कोण बघतंय?”

“आपलीच हाय म्हनून तर शून्य लिवा.”

मी लिहिलं. आत कुठेतरी टोचलं मला. आठ वर्षं मी लोकांची वयं, पगार, हुद्दे कागदावर सोयीने इकडचे तिकडे करत होतो आणि त्याला हुशारी म्हणत होतो. हा माणूस स्वतःच्या कुत्रीला स्वतःच्या वहीत शून्य देत होता. मला त्याचा राग आला, आणि दर शुक्रवारी जुम्म्याचा खुतबा कधी संपतो आणि मी जहराच्या रस्त्याला लागतो असं होऊ लागलं, तेही खरं.

मेपासून ऊन पन्नाशीकडे सरकलं. एवढ्या केसांची कुत्री, म्हणून अबू तलालनी शत्रुघ्नच्या खोलीत एसी बसवून दिला. सहा वर्षं तो त्याच खोलीत पंख्यावर काढत होता. एसी कुत्रीमुळे आला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. “तिच्यामुळं मलाबी गार लागतं,” म्हणाला.

दोन हजार सालच्या जुलैत फोग्टसाहेबांचं पत्र आणि परीक्षेचा फॉर्म आला. अबू तलाल स्वतः शेतावर आले. आम्ही तिघं खोलीत चटईवर बसलो, ब्रिटा दाराशी. अबू तलालना जर्मन येतं, त्यांनी पत्र मला इंग्रजीत सांगितलं, मी शत्रुघ्नला.

पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की परीक्षेत पास होणाऱ्या कुत्रीलाच पिल्लं होऊ द्यायची आणि त्या पिल्लांनाच क्लबच्या वहीत जागा. पण पिल्लं क्लबच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जन्मावी लागतात, आणि कुवेतमध्ये क्लबचा माणूस नाही. तेव्हा ब्रिटा पास झाली तर फोग्टसाहेब तिला ठेवून घेतील. ती परत येणार नाही.

शत्रुघ्नने मान खाली घातली. त्याचा हात ब्रिटाच्या मानेवर होता, तो तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट फॉर्मवरच्या एका प्रश्नात होती. या कुत्र्याचं नाव दुसऱ्या कुठल्या वहीत घातलंय का? घातलं असेल तर परीक्षेला बसता येणार नाही.

माझ्या अंगाला घाम फुटला, एसी चालू असताना. ‘नाही’ लिहून मोकळा झालो असतो. आठ वर्षं तेच करत आलो होतो. पण शत्रुघ्नची ती शून्याची वही माझ्या मांडीवर होती, आणि उद्या हे उघड झालं असतं तर खोटेपणाचा शिक्का कुत्रीच्या आणि तिला शिकवणाऱ्याच्या नावावर बसला असता, माझ्या नाही. मी सांगून टाकलं. दुसरा कागद मी काढलाय, कुणालाही न विचारता.

अबू तलाल माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “तुला कुणी सांगितलं होतं? माणसाला दोन बाप असतात का?”

मी खाल मानेने ऐकून घेतलं. पण माझा स्वभाव असा की दोन मिनिटांत मला त्यातही वाट दिसली. मी शत्रुघ्नकडे वळलो. “अरे, पण देवाने केलं ते बरंच केलं म्हण! त्या दुसऱ्या वहीत परीक्षा नाही, काही नाही. ब्रिटाला इथेच राहू दे. इथेच पिल्लं होतील, पॉइंटर म्हणून त्यांना सर्टिफिकेट मिळेल, मी आणून देतो. तुझी कुत्री तुझ्यापाशी राहील. कुत्री तीच ना? नाव काय, ड्राटहार म्हण नाहीतर पॉइंटर.”

मी हे अबू तलालनाही सांगितलं. त्यांनी चहाचा ग्लास उचलला. मग म्हणाले, “फोग्ट म्हणायचे, पॉइंटर म्हणजे नुसता दाखवणारा. आमचा कुत्रा दाखवतो, शोधतो, पोहतो, आणून देतो. आईबापांमुळे आमच्याकडे फक्त दार उघडतं, आत यायचं ते कामाने. त्या दुसऱ्या नावाची कुत्री वाईट नसतात, पण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.” मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “पण मेहनत याने केली. मी फोग्टना काय ते कळवीन. यालाच ठरवू दे.”

मी ते शत्रुघ्नला सांगितलं. मला खात्री होती तो काय म्हणणार.

त्याने विचारलं, “झहूरभाय, त्या दुसऱ्या वहीत नाव घालाया ब्रिटानं काय केलं व्हतं?”

“काही नाही. दोन फोटो पाठवले.”

“म्हंजी ती नुसती झोपून राहिली असती तरी नाव लागलं असतं?”

“हो.”

त्याने ब्रिटाचा कान चाचपला. मग म्हणाला, “आमच्याकडं पारधीत डुकराचं वाटं पडतात. बंदूकवाल्याला एक, हाके घालनाऱ्यास्नी एकेक. आनि ज्या कुत्र्यानं डुकराला अडवलं, त्याचा एक. मालक कितीबी गरीब असूंदे, घरात पोरं उपाशी असूंदे, कुत्र्याच्या वाट्याला हात नाय लावायचा. तो कुत्र्याच्याच म्होरं ठेवायचा.” त्याने ब्रिटाकडे पाहिलं. “हिनं वर्षभर काम केलंय. परीक्षा हा तिचा वाटा हाय. मी कसा खाऊ?”

मी चिडलो. “तू वेडा आहेस. तिला वाटा-बिटा काही कळत नाही!”

“मला कळतो ना,” तो म्हणाला.

मी हे अबू तलालना अरबीत सांगितलं. त्यांनी उठून शत्रुघ्नच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाले, “तो कागद रद्द करून आण.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एक कागद मिळवायला नाही, तर मारायला निघालो. फोग्टसाहेबांनी क्लबशी बोलून मुदत मिळवली: दुसरं नाव वहीतून काढल्याचं पत्र पंचवीस ऑगस्टपर्यंत पोचलं तर ब्रिटा परीक्षेला बसेल. एजंट फोन उचलेना. मी थेट त्या दुसऱ्या वहीवाल्या क्लबला फॅक्स केले, तेरा. तिथल्या बाईंनी कळवलं की आमच्याकडे नाव घालायला लोक येतात, काढायला आलेले तुम्ही पहिलेच, त्याचा फॉर्मच नाही. मी त्यांना फॉर्म बनवून पाठवला. अक्षरशः! मथळा, रकाने, सहीची जागा, सगळं. मूळ सर्टिफिकेट कुरिअरने परत पाठवताना हात जड झाला खरा, पण पाठवलं. वीस ऑगस्टला रद्द केल्याचं पत्र आलं. त्याच संध्याकाळी जर्मनीला फॅक्स केलं आणि शेतावर फोन केला. पलीकडून शत्रुघ्न फक्त “बरं झालं” म्हणाला.

परीक्षेत हुकूम देणारा तोच, म्हणून त्याच्याही जर्मनीच्या व्हिसाला तीन फेऱ्या झाल्या. घरकामाच्या माणसाला जर्मनीला कशाला न्यायचं, हे खिडकीवरच्या माणसाला समजेना. शेवटी मी वही पुढे केली. त्याने पानं उलटली, ते शून्य पाहिलं, आणि शिक्का मारला.

ऑक्टोबरात ते तिघं निघाले. विमानतळावर अबू तलाल सहज म्हणाले, “नापास झाली तर परत आपल्याबरोबर येईल, काळजी करू नको.” ते दिलासा म्हणून बोलले. मी मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे सांगायला नको होतं. शत्रुघ्नने पिंजऱ्याची कडी पुन्हा तपासली. ब्रिटाने पिंजऱ्याच्या जाळीतून नाक बाहेर काढलं आणि माझ्या हाताला चाटलं. मी हात मागे घेतला नाही. घरी जाऊन सात वेळा धुतला, एकदा मातीने, पण तिथे मागे घेतला नाही.

दोन आठवड्यांनी ते परत आले, दोघंच. ब्रिटा पास झाली होती. अबू तलाल ऑफिसात येईल त्याला गुणपत्रक दाखवत होते. शोधण्यात अकरा, मागाला अकरा, पाण्यातल्या कामाला बारा. असा बारा क्वचित देतात म्हणे. जंगलातले पिकल्या केसांचे परीक्षक एकमेकांना विचारत होते, वाळवंटात राहणाऱ्या कुत्रीला हे शिकवलं कुणी? आणि कागदावर छापील अक्षरांत लिहिलेलं होतं: कुत्र्याला चालवणारा, शत्रुघ्न. मी ते तीनदा वाचलं. इतका आनंद मला स्वतःच्या पगारवाढीलाही झाला नव्हता. एकाच रकान्यात खोट होती. आणलेला पक्षी हातात देणे, सात.

शुक्रवारी गुणपत्रकाची प्रत घेऊन शेतावर गेलो. एसी बंद होता. शत्रुघ्न खोलीबाहेर पायरीवर बसला होता. मी एकेक रकाना वाचून दाखवला, मोठ्याने, जसा निकाल वाचतात तसा. तो मान डोलवत होता. सातावर आलो तेव्हा मी घाईने म्हणालो, “हे सोडून दे. हजार लोकांत बावरली असेल.”

“ती नाय बावरली,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पाण्याचं काम शेवटचं होतं. ब्रिटाने दाट लव्हाळ्यातून बदक शोधून काढलं, पोहत आणलं, त्याच्यासमोर येऊन बसली. तोंडात बदक, अंगातून पाणी निथळतंय. आता त्याने ‘दे’ म्हणायचं आणि तिने द्यायचं, की संपलं.

“मी बोललोच नाय.”

“घसा दाटून आला असेल रे.”

“नाय, झहूरभाय. घशात काय नव्हतं. मी मुद्दाम गप राहिलो.” तो जमिनीकडे बघत होता. “मला वाटलं, बोललो नाय तर ती कटाळून बदक टाकील. टाकलं की नापास. नापास झाली की माज्यासंगं येईल. परीक्षक थांबले. मालक थांबले. ती माज्याकडं बघत व्हती. वारा गार, अंग थरथरत व्हतं तिचं, पन बदक काय सोडलं नाय. मी बेइमानी करत व्हतो, आनि ती बसली व्हती. तिला वाटत व्हतं मी सांगनार.”

“मग?”

“मंग सांगितलं. तिनं दिलं. परीक्षकानं लिवलं, कुत्रीनं द्याया वेळ लावला.”

डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत, तिथे लपवण्यासारखं कुणी नव्हतंही. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हणालो, “शत्रुघ्न, एक मिनिट डगमगलास. पण सांगितलंस ना शेवटी? मी असतो तर नसतं सांगितलं.”

त्याने ते ऐकल्यासारखं केलं नाही. “तुमी पत्र लिवा. त्या फोग्टसायबांना. चूक कुत्रीची नाय, माजी हाय, असं लिवा.”

“अरे, ती पास झालीय! सातचे बारा झाले तरी आता काही फरक पडत नाही. आणि ते गुण बदलणारही नाहीत.”

“नायतर नाय बदलूंदे. पन त्यांच्याकडं तिची वही हाय. तिथं ती खोटी पडली नाय पायजे. लिवा.”

मी पिकअपमधून लेटरपॅड आणलं. तारीख घातली, फोग्टसाहेबांचं नाव घातलं. तो एकेक वाक्य सांगायचा, मी ते इंग्रजीत उतरवायचो. आमची ब्रिटा बसली होती. तोंडात बदक होतं. मी हुकूम दिला नाही. उशीर माझा आहे. त्यातला एकही शब्द मी माझ्या पद्धतीने गोड केला नाही.

मग तो थांबला. खजुरीच्या ओळींकडे बघत राहिला. मी पेन कागदावर टेकवून वाट पाहत बसलो.

“झालं?” मी हळूच विचारलं. “सही करतोस?”

“अजून एक लिवा,” तो म्हणाला. “ती जेवते का, ते इचारा.”

मी ते लिहिलं.